एका तारखेच्या दोन तसबिरी

पुण्यात १ ऑगस्टची सकाळ मंडईत लवकर सुरू होते. भाजीचे टेम्पो रिकामे होत असतात, हमालांची ये-जा चालू असते, आणि त्या गर्दीतच लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याला हार चढत असतात. हा पुतळा १९२४ साली इथे उभा राहिला. त्याच्या अनावरणाला मोतीलाल नेहरू आले होते. पुष्पहार घालायला येणाऱ्यांत पक्षांचे पदाधिकारी असतात, गणेश मंडळांचे कार्यकर्ते असतात, शिक्षकांबरोबर आलेली शाळेची मुलं असतात. भाषणं छोटी होतात, घोषणा होतात आणि माणसं कामाला लागतात.

मंडईतून शिवाजी रस्त्यानं दक्षिणेकडे चालत निघालं की थोड्याच वेळात सारसबाग येते. तिथे अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा आहे. दुपार कलू लागली की या बाजूचे रस्ते पिवळ्या झेंड्यांनी भरतात. हलगी कडाडते, ट्रॅक्टरवर आणि टेम्पोवर सजवलेल्या प्रतिमा येतात. अण्णाभाऊंच्या शेजारी लहुजी वस्ताद साळव्यांची आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर असते. नवी लुगडी नेसलेल्या आज्या, कडेवर लेकरं घेतलेल्या आया पुतळ्यासमोर नारळ-फुलं ठेवून हात जोडतात. फुटपाथवर पुस्तकांचे गाळे लागतात आणि ‘फकिरा’च्या प्रती हातोहात जातात.

‘तारीख’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा मला याच दोन जागा आठवल्या. लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२० रोजी. अण्णाभाऊ जन्मले १ ऑगस्ट १९२० रोजी. दिवस तोच, महिना तोच, सालही तेच. दिनविशेषाच्या चौकटीत ही दोन नावं एकाखाली एक छापली जातात, पण माणसं मात्र सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे जातात. ही तारीख महाराष्ट्रात प्रत्यक्ष कशी पाळली जाते, ती कुठे लिहिली जाते आणि तिच्यातून काय शिकता येतं, हे पाहायचं ठरवलं.

सरदारगृहातली मध्यरात्र

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, पोलीस आयुक्तालयाच्या समोर सरदारगृहाची इमारत आहे. मुंबईत आले की टिळक इथे उतरत. जुलै १९२०मध्ये ते इथेच आजारी पडले आणि ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर त्यांचा प्राण गेला. घड्याळानं बारा ओलांडले होते, म्हणून त्यांची पुण्यतिथी १ ऑगस्टला येते.

सकाळपर्यंत बातमी शहरभर पोचली होती. पाऊस कोसळत होता. गिरगावच्या चौपाटीवर दहन करण्याची पद्धत नव्हती. त्यासाठी सरकारची खास परवानगी घ्यावी लागली. गांधीजी आणि शौकत अली यांनी खांदा दिला. लाखोंची गर्दी लोटली. असहकाराच्या चळवळीचा आरंभ गांधीजींनी याच दिवसासाठी जाहीर केलेला होता. एका नेत्याची चिता आणि दुसऱ्या नेत्याच्या आंदोलनाचा पहिला दिवस मुंबईनं एकाच वेळी पाहिला.

त्या गर्दीत गिरणी कामगार मोठ्या संख्येनं होते, आणि त्याचं कारण १२ वर्षं आधीचं होतं. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात ६ वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांनी प्रत्येक वर्षासाठी एक दिवस असा ६ दिवसांचा संप केला. परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या भागात फौजफाटा उतरला, गोळीबार झाला, माणसं मेली. लेनिननं त्या संपाची दखल त्याच वर्षी एका लेखात घेतली. हा कामगार रत्नागिरीतून, साताऱ्यातून, घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांतून पोट भरायला आलेला होता. राजकीय कारणासाठी मुंबईच्या कामगारानं केलेला हा पहिला मोठा संप. याच गिरणगावात पुढे अण्णाभाऊ वाढले.

वाटेगावचं पोर

वाटेगाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. १९२०मध्ये ते सातारा जिल्ह्यात होतं. वारणेच्या या मुलखात आता ऊस उभा असतो आणि मोसमात साखर कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. १ ऑगस्टला मात्र गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर वेगळीच वर्दळ असते. मुंबई-पुण्याहून, मराठवाड्यातून माणसं अण्णाभाऊंचं घर आणि स्मारक बघायला येतात.

भाऊराव आणि वालुबाई साठे यांच्या मातंग कुटुंबात तुकारामाचा जन्म झाला. पुढे तोच अण्णाभाऊ झाला. त्या जन्माची एक आठवण सांगतात. फकिरा राणोजी मांग हा इंग्रजांचा खजिना लुटून आला होता आणि बाळंतिणीसाठी त्यानं ओंजळीनं सुरती रुपये दिले. ही आठवण अण्णाभाऊंनी जन्मभर जपली आणि १९५९ साली त्या पुरुषावर कादंबरी लिहिली. ‘फकिरा’ला १९६१मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला होती.

शाळा दीड दिवसाची. मास्तरांचा मार आणि जातीचा पाणउतारा यांपुढे शाळेत परत जायचं नाव राहिलं नाही. दुष्काळाच्या आणि उपासमारीच्या दिवसांत साठ्यांचं बिऱ्हाड वाटेगावहून पायी मुंबईला निघालं. वाटेत मिळेल ते काम करत ते शहरात पोचलं. अण्णाभाऊंनी हमाली केली, फेरीवाल्यामागे गाठोडं वाहिलं, गिरणीत काम केलं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं हीच त्यांची अंकलिपी झाली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना कम्युनिस्ट चळवळ भेटली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं.

तमाशाच्या सुरुवातीला गण म्हणायचा, त्यात गणपतीला वंदन करायचं, ही रीत. अण्णाभाऊंनी गण बदलला. त्यांच्या लोकनाट्यात पहिला मुजरा मायभूमीला आणि छत्रपती शिवाजी महाराजांना होता. गणपती आणि शिवाजी महाराज, दोघांचे उत्सव रस्त्यावर आणून टिळकांनी लोकांना एकत्र जमवलं होतं. त्याच रस्त्यावर, त्याच गिरणगावात, अण्णाभाऊंनी डफाच्या थापेवर भाकरीचा आणि श्रमाचा प्रश्न मांडला. १९६१मध्ये ते रशियाला जाऊन आले; ज्या कामगारांची दखल लेनिननं घेतली होती, त्यांचाच शाहीर त्या देशात पोचला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड सभांतून गाजली. गावी राहिलेल्या बायकोची आठवण आणि मुंबईसाठीची झुंज एकाच रचनेत बांधलेली असल्यानं गिरणी कामगाराला ती स्वतःची वाटली.

टिळकांच्या नावानं पुण्यात १९८३पासून दर १ ऑगस्टला राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. त्याचे पहिले मानकरी एस. एम. जोशी होते. अण्णाभाऊ ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी गात होते, त्या लढ्याच्या समितीचं नेतृत्व करणाऱ्यांपैकी एसेम एक. दोन वाटा इतक्या जवळून जात होत्या.

१९२० सालचा हिशेब

या जवळिकीनं भारावून जाऊन भागणार नाही. १९२० हे साल नीट उलगडलं की अंतरही दिसतं. ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात, पैसे देण्याची तयारी असूनही, टिळकांच्या ‘केसरी’नं छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना बहिष्कृत समाजाचा नेता म्हणून गौरवलं. वेदोक्ताच्या, म्हणजे वेदमंत्रांनी धर्मविधी करण्याच्या हक्काच्या, वादात शाहू महाराजांच्या विरोधात टिळक उभे राहिले होते. सक्तीच्या शिक्षणाबद्दल आणि स्त्रीशिक्षणाबद्दल त्यांनी घेतलेल्या भूमिका आजही बोचतात.

सारसबागेच्या गर्दीत एका निवृत्त सफाई कामगाराशी बोललो. वस्तीतल्या मंडळाचं काम ते तरुणपणापासून करत आले आहेत. मंडईत जाता का, असं विचारल्यावर ते म्हणाले, “टिळकांना आमचा नमस्कार हाय. पण आमच्या लेकराला शाळेत कुणी बसू दिलं नाही, ते आमच्या माणसानं लिवलं. म्हणून आम्ही हितं येतो.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आपण कुठे उभे आहोत हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

मंडईत भेटलेल्या एका तरुण कार्यकर्त्यानं अण्णाभाऊंची ‘स्मशानातील सोनं’ शाळेत वाचली होती. भुकेपोटी मसणवट्यातली राख चाळणाऱ्या माणसाची ती कथा त्याला अजून आठवत होती. पण अण्णाभाऊंचा जन्म याच तारखेला, याच साली झाला हे त्याला माहीत नव्हतं. दोन मिरवणुकांच्या मधलं अंतर पायी अर्ध्या तासाचंही नाही, तरी ते असं मोठं होऊन बसतं.

तारीख शोधणारा संपादक

स्वतः टिळकांनी तारखांसाठी पुष्कळ कष्ट घेतले, हे आज फारसं आठवत नाही. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९च्या वैशाखात झाला, असं मानण्याची परंपरा होती. भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्याच्या दप्तरात एक शकावली होती. घडामोडींच्या तिथीवार नोंदी तिच्यात होत्या. ती टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात जन्मतिथी शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी निघाली. पुढे वर्षानुवर्षं वाद झाला, आणि आज राज्य शासन १९ फेब्रुवारीलाच शिवजयंती पाळतं. अनेक मंडळं ती तिथीनंही करतात. एका घराण्यानं फडक्यात बांधून ठेवलेली चार पानं अख्ख्या राज्याची सुट्टी ठरवू शकतात.

पंचांगाचंही तसंच. पंचांगातलं गणित आणि आकाशातली प्रत्यक्ष स्थिती जुळली पाहिजे, हा टिळकांचा आग्रह होता. त्यातून टिळक पंचांग रूढ झालं. अयनांशात सुमारे ४ अंशांचा फरक असल्यानं कधी कधी अधिक महिना वेगळ्या ठिकाणी येतो. त्या वर्षी कोकणातल्या टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती शेजाऱ्यांच्या आधी महिनाभर बसतो. शेजारी दोन्ही वेळा आरतीला जातात. काळ मोजण्याच्या दोन पद्धती एकाच आळीत सुखानं नांदतात.

ज्यांची तारीख कुणी विचारली नाही

राजाची तारीख शोधायला इतकी दप्तरं चाळली गेली. सामान्य माणसाची तारीख कुठे असते? महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्या माणसांची आधार कार्डं पाहा. १ जून हा जन्मदिवस पुन्हा पुन्हा दिसेल. पोर शाळेत घालायला आणलं की मास्तर वय विचारायचे. “लई पाऊस झालता त्या साली,” असं काहीतरी उत्तर यायचं. मग डोक्यावरून कानाला हात पोचतो का ते बघून गुरुजी १ जून लिहून टाकायचे, कारण शाळेचं वर्ष सुरू होताना वय पुरं भरायचं. नोकरी, बढती, निवृत्ती सगळं पुढे त्या तारखेवर चालायचं.

तरीही नोंद होतीच, फक्त वेगळ्या ठिकाणी. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात लाल कापडात बांधलेले रुमाल असतात. त्यांत गाव नमुना १४ असतो, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंद. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावात जन्म झाला, कुणी गेलं, की कोतवालानं खबर द्यायची आणि ती वहीत चढायची. अशा एका कक्षात अव्वल कारकुनांनी जुन्या बुकाची पानं उलटून दाखवली. अक्षर मोडी, शाई विटलेली. तारीख, बापाचं नाव, जात, आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बाळाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच, कारण बारसं व्हायचं असे. मृत्यूच्या बाजूला देवी, पटकी, ताप अशी कारणं. एकाच पानावर त्याच दिवशी कुणी जन्मलेलं आणि कुणी गेलेलं.

२०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा या रुमालांना एकदम मोल आलं. मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. “आधी इकडं कोणी फिरकत नव्हतं,” कारकून म्हणाले. “आता माणसं आजोबाच्या जन्माची तारीख घेऊन जाताना डोळे पुसतात.” ते दाखला काढायला आलेले असतात जातीसाठी, पण हातात पडतो घरातल्या माणसाचा जन्मदिवस. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतर हे काम ग्रामपंचायतीकडे गेलं. त्याआधीची पिढी याच बुकांत आहे, आणि ती पानं वाळवी आणि ओल यांच्या तावडीत आहेत.

महसुली वर्षाचा पहिला दिवस

महाराष्ट्रात १ ऑगस्टला आणखी एक काम सुरू होतं. जमीन महसूल संहितेप्रमाणे महसुली वर्ष १ ऑगस्टला चालू होतं आणि ३१ जुलैला संपतं. म्हणून हा महसूल दिन. तहसील कचेरीत तलाठी, मंडळ अधिकारी, कोतवाल जमतात. चांगलं काम करणाऱ्यांचा सत्कार होतो. सातबारा, फेरफार, दाखले वाटले जातात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं २०२४मध्ये ठरलं, पण बांधावर ‘भाऊसाहेब’ हीच हाक टिकून आहे.

कचेरीच्या दालनात त्या दिवशी अण्णाभाऊंची आणि लोकमान्यांची तसबीर टेबलावर ठेवलेली असते. सत्कारापूर्वी दोघांना हार घातला जातो. महसुलाशी त्या दोघांचंही घट्ट नातं आहे. १८९६च्या दुष्काळात टिळक आणि सार्वजनिक सभेनं गावोगाव माणसं पाठवून शेतकऱ्यांना सांगितलं की दुष्काळाच्या सरकारी नियमांप्रमाणे सारा तहकूब करून मागणं हा तुमचा हक्क आहे. पत्रकं मराठीत छापली. सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली. कायदा वाचून दाखवला की रयत ताठ उभी राहते, हे टिळकांनी ओळखलं होतं.

अण्णाभाऊंनी सांगितलं ते सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचं. दोर वळणारा, केरसुण्या बांधणारा, हलगी वाजवणारा मांगवाड्यातला माणूस साऱ्याच्या तक्त्यात नव्हता; तो होता गुन्हेगार जमातींच्या हजेरीत. ‘फकिरा’तला संताप त्या हजेरीतून येतो. दुष्काळ एकच असतो. शेतकऱ्याला सारा माफ हवा असतो आणि भूमिहीनाला भाकर हवी असते.

शाळेचा फळा

तारीख खऱ्या अर्थानं पोचते ती शाळेत. वाळवा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाई रोज परिपाठाआधी दिनविशेष लिहितात. कालनिर्णयाच्या पानावर बारीक अक्षरांत काही असतं, वर्तमानपत्रात असतं, आणि जयंत्यांची यादी शासनाच्या परिपत्रकातून येते. अण्णाभाऊंची जयंती त्या यादीत आहे. १ ऑगस्टला फळ्यावर जागा अपुरी पडते. बाई मग भगवानदादाही घालतात: १९१३ साली याच तारखेला अमरावतीत जन्मलेला, गिरणी कामगाराचा मुलगा, ‘अलबेला’ काढून देशाला नाचवणारा.

टिळकांवर पाठ केलेलं भाषण सोपं असतं, त्यात शेंगांच्या टरफलांची गोष्ट हटकून येते. अण्णाभाऊंवर बोलताना मुलं दीड दिवसाच्या शाळेपाशी थांबतात. बाईंनी त्यावर उपाय काढला. पाठ केलेली भाषणं बंद केली आणि मुलांना घरी दोन प्रश्न विचारायला लावले: आपल्या घरातलं शाळेत पहिलं कोण गेलं? आणि आपल्या घरातलं मुंबईला पहिलं कोण गेलं? एका मुलीचे पणजोबा गिरणीत होते. एका मुलाची आजी शाळेत गेलीच नव्हती. “मग टिळक आणि अण्णाभाऊ दोघंही त्यांच्या घरातच निघाले,” बाई म्हणाल्या. या बाईंनी जे केलं ते मला या सगळ्या फिरण्यात सर्वांत मोलाचं वाटलं.

जुळलेल्या दिवसाचं करायचं काय

दोन घटना एका तारखेला येणं हा योगायोग असतो. त्यामागे नियती शोधू नये. पण ती तारीख लिहून ठेवणं, दरवर्षी पाळणं, तिच्या निमित्तानं माणसं जमवणं, यातलं काहीच आपोआप होत नाही. जेध्यांच्या घराण्यात कुणीतरी तिथ्या उतरवल्या, कोतवालानं खबर दिली, वस्तीतल्या मंडळानं वर्गणी काढली, बाईंनी फळा पुसून नवा मजकूर लिहिला. इतिहास या हातांनी टिकतो.

महाराष्ट्राला १ ऑगस्ट १९२० हा दिवस मिळाला आहे, आणि त्याचा उपयोग आपण अर्धाच करतो. मंडईतल्या माणसानं ‘फकिरा’ वाचावी. सारसबागेतल्या तरुणानं टिळकांचे दुष्काळावरचे अग्रलेख वाचावेत आणि ‘मूकनायक’च्या जाहिरातीचा प्रश्नही विचारावा. १९०८च्या संपात गोळी खाल्लेल्या कामगारांना दोघांनीही आपलं म्हणावं, कारण ते दोघांचेही होते. आणि तहसीलच्या रुमालांत पडून असलेली कोतवाल बुकं जपण्यासाठी महसूल दिनीच पैसे आणि माणसं द्यावीत. परक्या सत्तेला जाब कसा विचारायचा हे टिळकांनी या राज्याला शिकवलं, आपल्याच समाजाला जाब कसा विचारायचा हे अण्णाभाऊंनी. यातला एकच धडा गिरवणारा समाज अर्धा शिकलेला राहतो, आणि दोन्ही धडे आपल्या मुलांना एकाच दिवशी देता येतील असा दिवस आपल्या हातात आहे.